लिथियमची लेव्हल, नवतपा आणि किशोरवयीन रुग्ण: औषधांच्या नियमांमागची पार्श्वभूमी

बायपोलरसाठी, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य अशा मनाच्या आजारासाठी, लिथियम सुरू झालेल्या मुलाच्या घरच्यांना गोळीपेक्षा रक्ततपासणीचाच वैताग येतो. गोळी स्वस्त असते, तपासणी मात्र पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि मूल बरं दिसू लागलं की तीच आधी टळते. ही तपासणी नियमात कशी आली, ते पालकांनी जाणून घ्यायलाच हवं.

१९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या १० रुग्णांना लिथियम दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचा पहिला रुग्ण काही महिन्यांत घरी गेला. पुढे त्याने औषध सोडलं, आजार उलटला, औषध पुन्हा सुरू झालं आणि १९५० मध्ये त्याच लिथियमच्या विषबाधेने तो दगावला. अमेरिकेत तेव्हा पथ्याचं मीठ म्हणून लिथियम क्लोराइड विकलं जाई. त्यानेही माणसं दगावली आणि १९४९ मध्येच ते बाजारातून काढलं गेलं. रक्तात लिथियम किती आहे, हे दोन्हीकडे कोणी मोजत नव्हतं. १९५१ मध्ये मेलबर्नमध्ये ट्राउटनर आणि सहकाऱ्यांनी ते मोजायला सुरुवात केली, १९५४ मध्ये डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी पद्धतशीर चाचणी छापली. अमेरिकेची मान्यता यायला १९७० उजाडलं. लेव्हल मोजता आली म्हणूनच हे औषध टिकलं.

रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री ९ ला गोळी घेतली असेल तर सकाळी ९ ला रक्त, आणि सकाळची गोळी त्यानंतरच. मात्रा बदलल्यावर ५ ते ७ दिवस थांबून तपासणी करायची. त्याआधीचा आकडा फसवा असतो. साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर ही कामाची पातळी, १.५ च्या पुढे धोका. लॅबमध्ये एक चूक होऊ शकते. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांत लिथियम हेपरिन असतं. त्यात रक्त घेतलं की आकडा खोटाच चढतो आणि चांगली चाललेली मात्रा विनाकारण कमी होते. त्यामुळे आकडा अचानक चढलेला दिसला आणि मूल मात्र ठणठणीत असलं, तर नळी कोणती होती हे आधी विचारावं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची) साधारण दर सहा महिन्यांनी.

नागपुरात याला उन्हाळ्याची भर पडते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या आसपास असताना भर दुपारी सायकलवरून शिकवणीला जाणारं मूल घामावाटे पाणी आणि मीठ गमावतं. मूत्रपिंड मग मीठ धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. मात्रा तीच, लेव्हल मात्र चढलेली. जुलाब-उलट्या आणि निर्जळी उपासातही हेच होतं. डोकं दुखलं म्हणून दिलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळीही लेव्हल चढवते, पॅरासिटामॉल चालतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब, गुंगी यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून थेट रुग्णालय गाठायचं. ऊन लागलंय समजून घरीच कांद्याचा रस चोळत बसू नये.

नैराश्याच्या औषधांचा इतिहास वेगळा आहे. १९५७ मध्ये रोलंड कून यांनी इमिप्रामिनचा गुण नोंदवला. पुढे त्या जातीच्या गोळ्या मुलांनाही दिल्या गेल्या, पण चाचण्यांत त्या मुलांमध्ये नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा फारशा सरस ठरल्या नाहीत. शिवाय जास्त गोळ्या एकदम घेतल्या तर हृदय बंद पडू शकतं. आज त्याच जातीची अमिट्रिप्टिलीन घरात कुणा मोठ्या माणसासाठी असेल, तर ती कुलपात हवी.

फ्लुओक्सेटिनला मुलांच्या नैराश्यासाठी अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. २००४ च्या एका चाचणीत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांपैकी औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांत ७१ टक्के सुधारले, नुसत्या औषधाने सुमारे ६१, औषध नसलेल्या गोळीवर ३५. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने नैराश्याच्या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा दिला: चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन औषध घेणाऱ्या मुलांत सुमारे ४ टक्के, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. त्या चाचण्यांत एकही आत्महत्या झाली नव्हती. तरीही हा इशारा वाचून उपचारच नाकारणारे पालक असतात, आणि ते मुलासाठी घातक आहे. लक्ष ठेवा, एवढंच तो सांगतो. म्हणून १० मिलिग्रॅमपासून सुरुवात, एखाद्या आठवड्याने २०, आणि पहिले चार आठवडे दर आठवड्याला भेट. गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. मधल्या काळात मूल झोपेशिवायच ताजंतवानं, अखंड बोलतं, उधळं झालं, तर तो गुण समजू नये. बायपोलरचा उन्माद उफाळला असेल, लगेच डॉक्टरांना कळवावं. बरं वाटल्यावरही गोळ्या किमान ६ महिने. बोर्डाच्या परीक्षेआधी 'सुस्ती नको' म्हणून परस्पर बंद करणं सर्वात महागात पडतं.

बायपोलरची आणखी दोन औषधं आहेत. व्हॅल्प्रोएट मुलींना शक्यतो देत नाहीत, कारण पुढे गर्भात दोष राहण्याचा धोका मोठा आहे. लॅमोट्रिजिन २५ मिलिग्रॅमपासून दर दोन आठवड्यांनी हळूच वाढवतात. घाई केली तर अंगावर जीवघेणं पुरळ येऊ शकतं.

नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं. तेव्हा तिथे फक्त कोंडून ठेवणं होतं आणि 'मेंटल'ची भीती घरोघरी अजून तिथूनच येते. आज किशोरांचे बहुतेक उपचार मेडिकल, मेयोसारख्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीतच होतात. भरती लागलीच तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करायची, मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं, ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं आणि पालक किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने पूर्ण वेळ मुलाजवळ राहायचं. रात्री-अपरात्री काही विचारायचं झालं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.