व्यायामाचा सल्ला आणि व्यायामाची सोबत

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपीही उरकली, आता पुढे काय? हा प्रश्न घेऊन ‘चॅलेंज’ नावाची एक मोठी चाचणी मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात झाली. त्यात ८८९ जण होते. हालचाल वाढवा, खाणंपिणं सांभाळा, अशी लेखी माहिती दोन्ही गटांना दिली गेली. एका गटाचं तेवढ्यावरच भागवलं. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला त्या माहितीसोबत एक प्रशिक्षित माणूस मिळाला. सुरुवातीला दर पंधरवड्याला भेट, काही व्यायाम त्याच्या देखरेखीखाली, पुढे महिन्यातून एकदा विचारपूस, असं तब्बल तीन वर्षं चाललं. उद्दिष्टही आवाक्यातलं होतं. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालायचं, म्हणजे जवळपास तेवढी भर आपल्या नेहमीच्या हालचालीत घालायची.

निष्कर्ष २०२५च्या जूनमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. पाच वर्षांनंतर आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के होतं, नुसती माहिती मिळालेल्या गटात ७३.९ टक्के. आठ वर्षांनंतर हयात असलेले ९०.३ टक्के आणि ८३.२ टक्के. बातम्या झाल्या त्या ‘व्यायामाने कॅन्सरवर मात’ अशा थाटाच्या. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. माहिती दोघांकडेही होती. फरक पडला तो सोबतीमुळे.

नुसत्या सल्ल्यावर का भागत नाही, हे कळायचं तर कॅन्सरचा थकवा समजून घ्यायला हवा. दिवसभर राबल्यावर येणारा थकवा झोपेने उतरतो. हा उतरत नाही. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसतं, आणि उपचार संपून कित्येक महिने उलटले तरी तो मागे राहू शकतो. अशा माणसाला घरचे प्रेमाने म्हणतात, ‘पडून राहा, आम्ही करतो.’ पण पडून राहिल्याने स्नायू झडतात आणि हृदय-फुप्फुसांची क्षमता घटते. मग कालपर्यंत सहज होणारा जिना आज सगळी ताकद खर्चूनच चढता येतो. त्याने अजून दमायला होतं, म्हणून अजून विश्रांती. हे चक्र मोडतं ते बेताबेताने वाढवलेल्या हालचालीने. ११३ अभ्यास आणि अकरा हजारांवर रुग्ण यांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात थकव्यावर व्यायाम आणि मानसिक समुपदेशन हे दोन्ही उपाय औषधांपेक्षा सरस ठरले. तरीही ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याने एकट्याने बूट घालून बाहेर पडावं, ही अपेक्षा फार मोठी आहे.

भीती हा दुसरा अडसर. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या लसीका गाठी काढल्या की लसीकाद्रवाच्या निचऱ्याची वाट अडते आणि हात सुजू शकतो. म्हणून त्या हाताने जड उचलू नका, असं बायकांना वर्षानुवर्षं बजावलं जाई. १९९६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या २४ बायकांना तयार केलं आणि चक्क ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकांनी मिळून चालवायची लांबलचक नाव, वल्हवायला बसवलं. खांदे आणि दंड सतत कामाला लावणारा हा खेळ. अख्खा हंगाम वल्हवूनही कुणाचा हात सुजला नाही. पण २४ हा आकडा लहान होता आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. ती कसर कॅथरिन श्मिट्झ यांच्या २००९च्या चाचणीने भरून काढली. त्यात हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायका होत्या. निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. सूज बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात १४ टक्के जणींना आले, न उचलणाऱ्यांत २९ टक्के. सुरुवात अगदी हलक्या वजनांनी, वाढ फार सावकाश आणि व्यायाम करताना हातावर दाब देणारी बाही, ही पथ्यं मात्र काटेकोर होती. आणि या बायका रुग्णालयात जात नव्हत्या. पहिले तीन महिने लहान गटांमध्ये, लोकवस्तीतल्या साध्या व्यायामशाळांमध्ये त्यांना शिकवलं गेलं.

आज जे सामुदायिक कार्यक्रम चालतात त्यांचा साचा असाच आहे. अमेरिकेत वायएमसीएच्या केंद्रांमध्ये २००७ पासून ‘लिव्हस्ट्राँग’ या कॅन्सरग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा कार्यक्रम चालतो, कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातही असा एक आहे. दोन्हींमध्ये मुख्य गाभा बारा आठवड्यांचा, आठवड्यातून दोनदा, लहानशा गटाचा.

आत काय चालतं? पहिल्या दिवशी सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं ते मोजतात. हातांचा आधार न घेता खुर्चीतून अर्ध्या मिनिटात कितीदा उठता येतं, तेही पाहतात. ज्याची पावलं केमोने बधिर झाली आहेत त्याला भिंतीजवळची जागा देतात, तोल गेलाच तर हात टेकायला. खांदा आखडला असेल तर बोटं भिंतीवरून मुंगीच्या पावलांनी वर सरकवायची आणि कालच्या खुणेच्या थोडं पुढे न्यायची. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणायला दम पुरू नये, एवढाच वेग. आणि ‘मागच्या आठवड्यात स्कॅन झाला, रिपोर्ट यायचाय’ असं कुणी म्हटलं की तिथे पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. घरच्यांची कितीही माया असली तरी हे घरात मिळत नाही. त्या दिवशी न आलेल्याला संध्याकाळी फोन जातो, आणि माझ्या मते कार्यक्रमातला हा सगळ्यात परिणामकारक भाग आहे.

अर्थात, कॅन्सर झालेल्या प्रत्येकाला एकच व्यायाम चालत नाही. हाडांत आजार पसरला असेल तर वाकणं, पिळणं, उड्या यांतून हाड मोडू शकतं. केमोथेरपीतली डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं घेतलेल्यांच्या हृदयावर परिणाम झालेला असू शकतो. पोटावर स्टोमा (मल किंवा मूत्र बाहेर पडण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेलं छिद्र) असलेल्यांनी एकदम जोर लावला तर हर्निया होण्याची शक्यता असते. ताप असेल किंवा प्लेटलेट फार उतरल्या असतील तर त्या दिवशी विश्रांतीच बरी. ‘चॅलेंज’मध्येही स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायामाच्या गटात जास्त होत्या, १८.५ टक्के विरुद्ध ११.५ टक्के. म्हणून शिकवणाऱ्याला कॅन्सरच्या उपचारांची माहिती हवी, आणि आपली फाइल त्याला दाखवायला संकोच करू नये. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम वेगाचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा, एवढ्याने थकवा, चिंता, उदासपणा यांत फरक पडतो.

मला खटकतं ते वेगळंच. उपचार संपताना गोळ्यांची चिठ्ठी मिळते, पुढच्या तपासणीची तारीख मिळते, पण अमुक ठिकाणी या गटात जा, असं लिहिलेला कागद फार थोड्यांच्या हाती पडतो. ऑस्ट्रेलियातल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच व्यायाम हा उपचारांचा नेहमीचा भाग करा, अशी भूमिका घेतली होती. जो स्वतः शोधून काढतो, ज्याला जायला वाहन आणि मोकळा वेळ आहे, तोच अशा गटात पोहोचतो. सगळ्यात अशक्त माणूस घरीच राहतो. त्याला आणायचं तर आधी डॉक्टरने त्याचं नाव गटाला कळवायला हवं, आणि गटाने त्याला फोन करायला हवा.

आणि बारा आठवडे संपल्यावर तेराव्या आठवड्यात काय? ‘चॅलेंज’मधली सोबत तीन वर्षांची होती, बाकी कार्यक्रम तीन महिन्यांत आटोपतात. तिथे शिकून झालेल्यांना पुढेही एकत्र येता येईल अशी वेळ आणि जागा राखून ठेवणं फार खर्चाचं नाही. व्हँकुव्हरच्या त्या बायकांचा अभ्यास एका हंगामाचा होता. तो संपला, पण त्यांनी बोट सोडली नाही. त्यांच्या संघात नव्या बायका येत राहिल्या आणि तसे संघ आता कितीतरी देशांमध्ये आहेत.