बांध आधी की गाव आधी?

‘समुद्राला बांध घातले, मगच नेदरलँड्सच्या सखल किनाऱ्यावर माणसं राहायला आली,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. बांध इतके भव्य, की तसं वाटणं साहजिकच.

पण उत्तरेच्या फ्रिसलँडमधलं चिमुकलं होगेबाइन्टम बघा. समुद्राचे मोठे बांध साधारण इ.स. 1000 नंतरचे, तिथली वस्ती मात्र ख्रिस्तपूर्व काळातली. भरतीपासून वाचायला लोकांनी चिखलमाती, शेण, कचरा पिढ्यान्‌पिढ्या रचून टेकाड उभारलं. आज त्याची उंची समुद्रसपाटीपासून जवळजवळ 9 मीटर आहे. वर चर्च. ही माती इतकी कसदार, की विसाव्या शतकाच्या आरंभी बरीचशी खणून खत म्हणून विकली! त्या खणण्यातच जुने थर उघडे पडले.

पडताळायचंय? नेदरलँड्सचा उंचीदर्शक नकाशा इंटरनेटवर मोफत आहे. सपाट शेतांत असे कितीतरी उंचवटे दिसतील, त्यांतल्या अनेकांवर गाव.