वेलाला फुलं ढीगभर, मग दुधी का धरत नाही?

आमच्या रोपवाटिकेतून वेल नेणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. वेल मंडपभर पसरलाय, रोज फुलं येतात, पण बोटभर झालेला दुधी पिवळा पडून गळतो. बहुतेक जण यावर खत मागतात. कृपया घेऊ नका. युरियासारखं नत्राचं खत जास्त झालं की पाला माजतो आणि नर फुलंच वाढतात.

दुधी, काकडी, कारलं, दोडका, लाल भोपळा यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. लांब, बारीक देठावरचं नुसतं फूल ते नर. फुलाखाली इवलासा दुधी दिसला की ते मादी. हा इवला दुधी म्हणजेच अंडाशय. नर फुलाचा पराग पोचून आतल्या बीजांडांचं, म्हणजे पुढे बिया होणाऱ्या कणांचं, फलन झालं तरच तो पोसतो. सुरुवातीला नर फुलंच येतात आणि गळतात. त्यात काही बिघडलेलं नसतं. दुधीची मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त लागतात, म्हणून वेल मंडपाला पोचला की शेंडा खुडा.

मादी फुलंही गळत असतील, तर बहुधा पराग पोचत नाहीये. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रीचे पतंग त्यावर येतात. डासांची जाळी लावलेल्या गॅलरीत ते शिरणार कुठून? श्रावणातल्या झडीत भिजलेला परागही वाया जातो.

मग हे काम हातानं करा. तिन्हीसांजेला ताजं नर फूल खुडून पाकळ्या काढून टाका. मधल्या पुंकेसरांना बोट लावलं की पिवळी पूड लागली पाहिजे. तेच पुंकेसर मादी फुलाच्या मधोमध असलेल्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकावर, तिच्या सगळ्या भागांवर, हलकेच फिरवा. प्रत्येक बी धरायला एक परागकण लागतो. पराग अपुरा पडला की फळ एकीकडे बारीक किंवा वाकडं राहतं. दुधीला दुधीचाच पराग हवा. लाल भोपळ्याचं फूल मात्र पहाटे उमलून ऊन चढताच मिटतं, त्यामुळे तिथे सकाळीच उरका.

हे काही घरगुती खूळ नाही. व्हॅनिलाच्या फुलांना असाच हातानं पराग लावतात. ती सोपी रीत १८४१ मध्ये रीयुनियन बेटावर एडमंड आल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलानं शोधली, आणि जगभर आजही तीच चालते.

कोवळ्या फळावर टोचल्याची खूण आणि डिंक दिसला, तर ते काम फळमाशीचं. तिच्यासाठी सापळा लावा. कुठलीही फवारणी फुलं मिटलेली असतानाच करा.

कर्टोलीचं गणित वेगळं आहे. तिचे नर आणि मादी वेलच स्वतंत्र असतात. आमच्याकडून कंद नेताना दोन्ही मागून घ्या. आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो.