ताऱ्यांच्या चालीवरून ओळखलेली टक्कर

दोन दीर्घिका एकमेकींत पुरत्या मिसळायला कोट्यवधी वर्षे लागतात, अनेकदा १०० कोटींहूनही जास्त. त्यामुळे अशी टक्कर सुरू होऊन संपेपर्यंत पाहणे कोणालाच शक्य नाही. आकाशात दिसतात ती गोठलेली दृश्ये. कुठे दोन दीर्घिका जवळ येताहेत, कुठे एकमेकींतून आरपार गेल्या आहेत, कुठे मागे ताऱ्यांची लांब शेपटी उरली आहे. त्यांचा क्रम आपण लावायचा. १९७२ साली अलार आणि युरी टूमरे या भावांनी संगणकावर गणिते करून दाखवले, की अशा शेपट्या निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने तयार होऊ शकतात.

टक्कर म्हटले की तारे एकमेकांवर आदळताहेत असे डोळ्यांसमोर येते. तसे जवळजवळ घडतच नाही. सूर्य वाळूच्या १ मिलिमीटरच्या कणाएवढा मानला, तर त्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा सुमारे २९ किलोमीटरवर असेल! आदळतात ते वायूचे ढग. ते दाबले जातात, थंड होऊन आकसतात आणि नव्या ताऱ्यांची झुंबड उडते. काही वायू थेट केंद्राकडे घसरतो आणि तिथल्या कृष्णविवराला खाद्य मिळते.

पूर्वी हे प्रकार आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त घडत, कारण जागाच कमी होती. विश्व सुमारे २०० कोटी वर्षांचे असताना त्यातली अंतरे आजच्या पावपट होती, म्हणजे तेवढेच द्रव्य सरासरी ६४ पट दाटीने भरलेले होते. कृष्णद्रव्याचे, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचे, छोटे गोळे आधी जमले, त्यांत वायू साचून तारे पेटले आणि असे गोळे जुळत जुळत मोठ्या दीर्घिका झाल्या, असे आजचे सर्वमान्य चित्र आहे.

ते तपासताना मोठी अडचण येते. छायाचित्रात शेजारी दिसणारे दोन ठिपके खरेच शेजारी असतील असे नाही. एक दुसऱ्याच्या कितीतरी मागे असू शकतो. म्हणून दोघांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाची तरंगलांबीनुसार केलेली फोड, घ्यावा लागतो. विश्व प्रसरण पावत असल्याने प्रवासात प्रकाशाची तरंगलांबी वाढते, आणि प्रवास जितका लांब तितकी ती जास्त वाढते. हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची लाल रेषा, विश्व १०० कोटी वर्षांचेही नव्हते अशा काळातून निघालेली असेल, तर आपल्यापर्यंत येताना सातपट ताणली जाऊन अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडची आणि डोळ्यांना न दिसणारी, होते. दोन्ही ठिपक्यांतल्या रेषा जवळजवळ सारख्याच ताणलेल्या निघाल्या, तरच ती जोडी मानायची. २०२१ च्या डिसेंबरात अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचे खरे मोल मला इथे वाटते. तिची चित्रे सुंदर आहेतच, पण एवढ्या फिकट ठिपक्यांचे अवरक्त वर्णपट याआधी मिळतच नव्हते.

वेबने कोडीही घातली. विश्व अवघे ३० कोटी वर्षांचे असतानाच्या काही दीर्घिका अपेक्षेपेक्षा बऱ्याच तेजस्वी निघाल्या. अलकनंदा नाव दिलेली एक दीर्घिका तर विश्व सुमारे १५० कोटी वर्षांचे असतानाच नीटस सर्पिल भुजा मिरवते आहे. इतक्या धामधुमीच्या काळात एवढी शांत, सपाट चकती!

मला स्वतःला सर्वांत भावतो तो पुरावा मात्र दूरचा नाही. गाया या युरोपीय अवकाशयानाने एक अब्जाहून अधिक ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजल्या. २०१८ मध्ये त्या नोंदींत एक वेगळाच गट सापडला. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती जवळपास वर्तुळात फिरतो. हे तारे मात्र केंद्राजवळून झपाट्याने जातात, दूरवर फेकले जातात आणि पुन्हा आत झेपावतात. त्यांच्यातली मूलद्रव्यांची प्रमाणेही इथे जन्मलेल्या ताऱ्यांपेक्षा निराळी आहेत. सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेने गिळलेल्या एका दीर्घिकेचे ते तारे आहेत. ती दीर्घिका केव्हाच नाहीशी झाली, पण तिचे तारे आजही तिच्या येण्याच्या दिशेची आठवण ठेवून सूर्याच्या आसपासून ये-जा करत असतात.