स्निग्धांश, शरीरातली चरबी आणि स्तनाचा कर्करोग: पार्श्वभूमी

स्निग्ध खुराक दिलेल्या उंदरांना स्तनाच्या गाठी जास्त होतात, हे १९४०च्या दशकातच दिसले होते. १९७५च्या सुमारास देशोदेशींचे आकडे पुढे आले: स्निग्ध पदार्थांचा दरडोई खप जास्त, तिथे या कर्करोगाचे मृत्यूही जास्त. मात्र हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतल्यावर हा संबंध टिकला नाही. १९९६ मध्ये अशा अनेक पाहण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही तो आढळला नाही.

तोवर अमेरिकेत मोठी चाचणी सुरू झालेली होती. १९९३ पासून रजोनिवृत्त झालेल्या ४८,८३५ स्त्रिया तीत घेतल्या गेल्या. एका गटाने रोजच्या उष्मांकांतला स्निग्धांशाचा वाटा २० टक्क्यांवर आणायचा होता. पहिल्या वर्षी तो सुमारे २४ टक्क्यांपर्यंत उतरला, सहाव्या वर्षी पुन्हा २९ वर गेला. २००६ मध्ये निकाल आला: या गटात स्तनाचा कर्करोग ९ टक्के कमी, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक उतरला नाही. लक्ष्य गाठले असते तर फरक दिसला असता, असे काहींचे म्हणणे. मुळात गृहीतकच चुकीचे, असे इतरांचे. जवळजवळ वीस वर्षांच्या पाठपुराव्यात या आजाराचे मृत्यू २१ टक्के कमी दिसले आणि वाद पुन्हा पेटला. खरी उणीव मात्र वेगळी होती. वजन घटवणे हे या चाचणीचे उद्दिष्टच नव्हते. एवढ्या स्त्रिया, एवढी वर्षे, आणि शरीरातल्या चरबीचा प्रश्न तसाच राहिला.

त्या चरबीकडे बोट दाखवणारा पुरावा तेव्हाही होता. स्तनाच्या गाठीची वाढ अनेकदा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर होते. रजोनिवृत्तीनंतर बीजकोशांतले इस्ट्रोजेन आटते. मग मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांपासून ते मुख्यतः चरबीच्या ऊतीत, अरोमॅटेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) बनते. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनाच्या कर्करोगाबाबत लठ्ठपणाचा पुरावा पुरेसा ठरवला. रजोनिवृत्तीपूर्वी संबंध उलटा दिसतो. २०१८ मध्ये तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सामान्य, पण शरीरात चरबी जास्त, अशा रजोनिवृत्त स्त्रियांतही धोका वाढलेला आढळला. वजनकाट्यावर हा धोका कळत नाही.

रक्तातल्या स्निग्धांचा भाग अजून गुंत्यात आहे. १९९६ च्या एका स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) चाचणीत औषध घेणाऱ्या १२ जणींना स्तनाचा कर्करोग झाला, न घेणाऱ्यांत एकीला. घबराट झाली, पण नंतरच्या मोठ्या एकत्रित विश्लेषणांत असा धोका दिसला नाही. २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात कोलेस्टेरॉलपासून बनणारा एक पदार्थ पेशीतल्या इस्ट्रोजेनच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटून गाठ वाढवतो, असे आढळले. एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल), ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) यांच्या पाहण्यांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. लठ्ठपणात हेच आकडे बिघडतात, म्हणून दोन्हींचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते.