वीज गेल्यावर पाणी कुठे जातं?

जुलैमधली रात्र होती. बाहेर पाऊस कोसळत होता. ऐरोलीतल्या आमच्या घरी पंखा थांबला म्हणून मला जाग आली आणि पाठोपाठ हॉलमधून पाणी सांडल्याचा आवाज आला. टॉर्च घेऊन गेलो तर फिशटँकच्या स्टँडखालून पाणी वाहत सोफ्यापर्यंत पोचलं होतं. जमिनीवर बसून एकेक सांधा बोटाने चाचपून पाहिला. सगळे कोरडे. पाइप शाबूत होता, काच शाबूत होती. तरी बादलीभर पाणी फरशीवर होतं, आणि सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू छताला ओल आली म्हणून सांगायला वर आल्या.

मासे पाळणाऱ्या कुणालाही मी आता सगळ्यात आधी त्या रात्रीचं गणित सांगतो.

आमची टाकी चार फुटी. लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ४५. तिच्याखाली स्टँडमध्ये आणखी एक छोटी टाकी असते, तिला संप म्हणतात. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा असतो. त्याच्या काठावरून पाणी आत पडतं आणि तळाच्या भोकातून पाइपने संपमध्ये उतरतं. तिथे स्पंजमधून गाळलं जातं आणि पंप ते दुसऱ्या पाइपने परत वर चढवतो. वीज असेपर्यंत जेवढं पाणी उतरतं तेवढंच चढतं.

पंप बंद पडला की मात्र वर चढवणारा हा रिटर्न पाइप स्वतःच सायफन होतो. त्याचं वरचं तोंड टाकीच्या पाण्यात बुडालेलं, मधला भाग काठावरून वळलेला, लांब पाय खाली संपमध्ये, आणि आत पाणी अखंड भरलेलं. लांब पायातल्या पाण्याचं वजन जास्त, म्हणून ते खाली उतरत राहतं. मागे जागा रिकामी होऊ पाहते आणि टाकीच्या पृष्ठभागावरचा हवेचा दाब तिथे पाणी ढकलत राहतो. बंद पंप त्याला अडवत नाही, कारण आतल्या पंख्याच्या पात्यांमधून पाणी उलटं सहज जातं. वरच्या तोंडाला हवा लागेपर्यंत हे चालतं.

आमच्या रिटर्नचं तोंड पाण्याखाली ६ सेंटिमीटर होतं. १२० गुणिले ४५ म्हणजे ५,४०० चौरस सेंटिमीटर. पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येतं. सहा सेंटिमीटरचे झाले ३२ लिटर, आणि पाइपमध्येच असलेलं पाऊण लिटर वेगळं. संप ७५ बाय ३० ची, तिच्यात वरची फक्त १० सेंटिमीटर मोकळी, म्हणजे जागा साडेबावीस लिटरची. उरलेलं दहा लिटर फरशीवर आलं.

हे पाइप लावण्याच्या आधी कागदावर दोन मिनिटांत कळलं असतं. मी मात्र महिनाभर सांधे किती भक्कम करायचे याच विचारात होतो.

खरं पाहता फिशटँकच्या पाइपवर ताण फारसा नसतोच. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ साधारण एका वातावरणाएवढा दाब देतो. सात मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी पहिल्या मजल्यावरच्या बाथरूमच्या पाइपला सुमारे दोन वातावरणांचा दाब देत असतं. आपल्या संपपासून टाकीच्या काठापर्यंत उंची फार तर दीड मीटर, म्हणजे दाब त्याच्या तेराव्या हिश्शाहून थोडा कमी. एवढ्याने यूपीव्हीसीचा, म्हणजे ताठ प्लास्टिकचा, पाइप फुटत नाही. गळतं ते सांधा चुकीचा जुळवल्यामुळे.

सांध्याला लावतात ते सॉल्व्हंट सिमेंट, दुकानात ज्याला सगळे ‘सोल्युशन’ म्हणतात, त्याला चिकटवायचा डिंक समजू नका. त्यात टेट्राहायड्रोफ्युरानसारखी द्रावकं असतात आणि ती पीव्हीसीचा पृष्ठभाग चक्क विरघळवतात. पाइप आणि फिटिंग दोन्हींच्या मऊ झालेल्या थरांतल्या लांबलचक रेणूसाखळ्या एकमेकींत गुंततात. मग द्रावक उडून जातं आणि दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. सांधा नीट जमला तर ओढून सुटत नाही, कापावाच लागतो. म्हणूनच आधी सगळं कोरडं जुळवून पेन्सिलने खुणा करून घ्यायच्या. सोल्युशन लावल्यावर एल्बोची, म्हणजे पाइपला वळण देणाऱ्या तुकड्याची, दिशा बदलायला काही सेकंदच मिळतात.

फिटिंगचं तोंड आत किंचित निमुळतं होत जातं. कोरडा पाइप त्यात एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जाऊन अडकला पाहिजे. सोल्युशनने पृष्ठभाग मऊ झाल्यावर तो पुढे सरकतो, पण त्याच निमुळतेपणामुळे मागेही ढकलला जातो. पाव फेरी फिरवून अर्धा मिनिट घट्ट दाबून धरायचं ते एवढ्यासाठी. हॅक्सॉने कापल्यावर कडेचे बुरे पॉलिश पेपरने काढले नाहीत, तर तेच आत जाताना सोल्युशन खरवडून नेतात आणि सांध्यात बारीक वाट राहते. पावसाळ्यात पाइप कापडाने कोरडा पुसून घ्या, आणि पाणी सोडण्याआधी पूर्ण दिवस थांबा. दमट हवेत मी दोन दिवस थांबतो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. द्रावकाची वाफ पेट घेते.

खरेदीला गेल्यावर एक गोष्ट नक्की चुकते. पांढरा यूपीव्हीसी आणि पिवळसर सीपीव्हीसी दोन्हींवर ‘पाऊण इंच’ लिहिलेलं असतं, पण बाहेरचा व्यास पांढऱ्याचा २६.७ आणि पिवळसरचा २२.२ मिलिमीटर. शेतीचा करडा पाइप आणखी वेगळ्या मापाचा. एकाचा एल्बो दुसऱ्याला बसत नाही, आणि भरपूर सोल्युशन ओतून बसवलेला टिकत नाही. गरम पाण्यासाठी असलेल्या सीपीव्हीसीची इथे गरजही नाही.

त्यातच पितळी आटे असलेली फिटिंग सर्रास मिळतात. नळाला ती उत्तम, पण कोळंबी किंवा गोगलगायी ठेवणार असाल तर नकोत. पितळात तांबं असतं. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्यात तांबंच असतं, तरी पाण्यात विरघळलेलं जास्तीचं तांबं तिला मारतं. आटे प्लास्टिकचेच घ्या. त्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीनच वेढे द्या, हाताने आवळा आणि मग थोडंसंच. जाड टेप आणि पान्ह्याचा जोर यांनी फिटिंगच्या आतल्या आट्यांचं कडं बाहेरच्या बाजूला ताणलं जातं आणि काही आठवड्यांनी चिरतं.

यूपीव्हीसीतल्या ‘यू’चा अर्थच असा की मऊ करणारं द्रव्य त्यात घातलेलं नाही. हा पाइप ताठ असतो, दोन सेंटिमीटर चुकलेलं माप वाकवून घेतलं तर तो ताण तो विसरत नाही. रोज थोडा थोडा सांध्यावर किंवा काचेच्या भोकावर टाकत राहतो. काच इथली सगळ्यात नाजूक. भोकात बसवायच्या टँक कनेक्टरचा रबरी वायसर पाण्याच्या बाजूला, नट बाहेरून, आणि आवळणं हातानेच. भोक पाडण्याआधी ती काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही याची खात्री करा; टफन्ड काचेला ड्रिल लावलं की अख्खी काच दाण्यादाण्यांत फुटते.

पाइपचं वजन काचेने पेलायचं नसतं. क्लॅम्प स्टँडलाच लावा, भिंतीला नको, म्हणजे जमीन थोडी हलली तरी टाकी आणि पाइप बरोबर हलतील. बॉल व्हॉल्व्ह फिरवताना चांगला जोर लागतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प हवा. कनेक्टरखाली आणि पंपाजवळ युनियन (आटे फिरवून सोडवता येणारा जोड) ठेवली तर साफसफाईला पाइप खोलता येतो. पंप आणि ताठ पाइप यांच्यात सिलिकॉन नळीचा वीतभर तुकडा घाला. थरथर तिथेच जिरते आणि रात्री स्टँड घुमत नाही.

उतरणारा पाइप चढणाऱ्यापेक्षा मोठा हवा. त्याला पंपाचा जोर नसतो, फक्त उतार असतो. पाइपचा आतला व्यास २५ वरून ३२ मिलिमीटर केला की तेवढ्याच उतारावर जवळजवळ पावणेदोन ते दोन पट पाणी जातं. काटकोनी एल्बो एकेक म्हणजे व्यासाच्या सुमारे तीसपट लांब सरळ पाइपइतका अडथळा. २५ मिलिमीटरच्या पाइपवर तो पाऊण मीटर भरतो. जागा असेल तिथे ४५ अंशांचे दोन वापरा. तो पाइप पानाने किंवा गोगलगायीने तुंबला तर पंप मात्र चढवतच राहील. म्हणून शेजारी एरवी कोरडा राहणारा दुसरा उतरता पाइप ठेवावा, आणि संपमधला पंपाचा कप्पा इतका लहान असावा की त्यातलं सगळं पाणी वर गेलं तरी टाकी सांडू नये.

आता पुन्हा त्या रात्रीकडे. रिटर्नचं तोंड मी पाण्याखाली सेंटिमीटरभरच ठेवलं, आणि पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपला पाच मिलिमीटरचं भोक पाडलं. पातळी तिथवर उतरली की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. त्या भोकात शेवाळ धरतं, म्हणून दर रविवारी काडी घालून साफ करतो. बरेच जण त्याऐवजी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, लावतात. मी त्याच्या एकट्याच्या भरवशावर झोपणार नाही, कारण एक वाळूचा कण किंवा बुळबुळीत थर त्याची झडप अर्धवट उघडी ठेवायला पुरतो. वायरी प्लगकडे जाण्याआधी खाली झोल देऊन न्या, म्हणजे थेंब तिथून गळतील. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

शेवटी पाणी भरलं, सांध्यांखाली वर्तमानपत्राचे कागद पसरले आणि एक दिवस चालू ठेवलं. मासे अजून बादलीतच होते. मग पंपाचं बटण बंद केलं आणि संपसमोर बसून राहिलो. पाणी चढलं, भोकातून ‘सुर्र’ आवाज आला आणि काठाच्या चार सेंटिमीटर खाली थांबलं. पंप चालू करून पाणी पुन्हा उतरू दिलं आणि त्या चालू पातळीवर संपच्या काचेला काळ्या मार्करने रेघ मारली. वरून पाणी घालताना तिच्यापुढे जायचं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पाच वेळा बंद-चालू करून पाहिलं, पाचही वेळा पाणी तिथेच थांबलं. मग मासे सोडले.