भीमगड–म्हादई–तिलारी वन्यजीव भ्रमणमार्ग

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुका, गोव्यातील सत्तरी आणि महाराष्ट्रातील दोडामार्ग-चंदगड यांना जोडणारा सह्याद्रीचा वनपट्टा. दक्षिणेकडचा काळी व्याघ्र प्रकल्प (दांडेली-अणशी) आणि उत्तरेकडचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांच्यामध्ये वाघ, हत्ती, गवे याच पट्ट्यातून ये-जा करतात. राज्ये तीन, वनखाती तीन. रान मात्र सलग आहे.

या मार्गाचा सांधा म्हणजे भीमगड अभयारण्य. सुमारे १९० चौ. किमी क्षेत्राचे हे अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले. पश्चिमेला ते गोव्याच्या म्हादई अभयारण्याला (१९९९, सुमारे २०८ चौ. किमी) भिडते. म्हादई नदी देगावच्या रानात उगम पावून गोव्याकडे उतरते, तर कणकुंबीच्या माउली मंदिराजवळ उगवणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे वळते. पाणी असे दोन दिशांना वाटले जाते ते याच डोंगरमाथ्यावर. आमगावचा पाऊस कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसांत गणला जातो. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत १९१२ मध्ये रॉटनचे वटवाघूळ प्रथम सापडले आणि पुढे कित्येक दशके जगात त्याचा हा एकच ठावठिकाणा माहीत होता. गुहा शाबूत राहिली ती भोवतालचे रान राहिले म्हणून.

मार्ग चालता आहे याचा पुरावा वाघानेच दिला. २०१८ मध्ये सह्याद्री प्रकल्पात कॅमेऱ्यात टिपलेला एक वाघ २०२० मध्ये काळी प्रकल्पात दिसला. अंगावरचे पट्टे जुळवून ओळख पटली. सरळ रेषेत हे अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त भरते. एवढी वाट एकट्या अभयारण्यांतून होत नाही. मधली मालकीची जंगले, काजूच्या बागा, उसाचे फड, नदीकाठची झाडोरी हे सगळे त्यात येते. दांडेली-हल्याळकडचे हत्ती खानापूरमार्गे दोडामार्गात उतरू लागले तेही असेच, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत.

म्हणूनच मार्ग तुटतो तो अभयारण्यांच्या मधल्या जागेत. दोडामार्गात मालकीचे जंगल तोडून रबर आणि काजू लावले गेले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी घातली आणि मार्च २०२४ मध्ये तिथली २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित करण्याचा आदेश दिला. दोडामार्गातील तिलारीला २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, पण ते जेमतेम २९ चौ. किमी आहे. दक्षिणेला तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे लोहमार्गाच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. म्हादईच्या खोऱ्यातले पाणी मलप्रभेकडे वळवण्याच्या कर्नाटकच्या कळसा-भांडुरा योजनेचा वाद मात्र अजून टीएमसीच्या (अब्ज घनफूट पाण्याच्या) हिशेबातच अडकला आहे. म्हादई पाणीवाटप लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला, तरी राज्याराज्यांच्या भांडणात या रानाची बाजू कायम मागे पडते.

जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे चार वाघ विषबाधेने मेले. त्यानंतर गोव्यात व्याघ्र प्रकल्प घोषित करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वाघ मारला जातो तो बहुधा गाय-म्हैस गमावल्याच्या रागातून. भरपाई वेळेवर हातात पडली तर तो राग विषापर्यंत जात नाही. पण दर आणि कागदपत्रे प्रत्येक राज्याची वेगळी आहेत.

खानापूरच्या शिवारात सुगीच्या दिवसांत हे जवळून दिसते. कापलेल्या भाताची गंजी खळ्यावर रचलेली असते, माळ्यावर शेकोटी पेटवून दोघे-तिघे जागत बसतात, डबे वाजवतात, फटाके लावतात. हत्ती मग पलीकडे चंदगडच्या उसात शिरतो आणि तिथे जागरण सुरू होते. अलीकडचा जागल्या आणि पलीकडचा जागल्या दोघेही मराठीतच हाका मारतात. हत्ती कुठे निघाला हे फोनवरून त्या शेजाऱ्याला कळवणे हेच कित्येकदा सर्वांत कामाचे ठरते. भीमगडच्या आतील तळेवाडी, गवाळी, कृष्णापूर, पास्टोली, आमगाव या गावांपुढे प्रश्न याहून बिकट आहे. पावसाळ्यात ओढे भरले की आजाऱ्याला खांद्यावर न्यावे लागते. तळेवाडीच्या कुटुंबांनी पुनर्वसन स्वीकारले. इतर गावांत आधी रस्ता की आधी स्थलांतर यावर घराघरांत मते वेगळी आहेत.